दोन स्वरांचा पक्षी

बस आम्हाला चर्चपाशी उतरवून निघून गेली.
क्लिफर्डने नकाशा काढला, उघडला नाही.
एकोणीस एप्रिल झाले, वाट तीच:
दगडी भिंत, मेंढ्यांचं कुरण, ओढा,
मग रानलसणीचा वास आणि बीचचं जंगल.
ब्लूबेल अजून नुसत्या हिरव्या,
निळ्या व्हायला आठवडा तरी हवा.

कोकरांच्या अंगावर निळ्या रंगाचे आकडे.
सत्तेचाळीस नंबरची जुळी
आईला दोन्हीकडून ढुशा देत होती.
"अगदी माझे मुलगे," एल्स्पेथ म्हणाली.
कुंपणावरची लाकडी पायरी चढताना
विनीने गुडघ्याला एक इरसाल शिवी हासडली.
आम्ही सगळे पाठ फिरवून ढगांकडे बघत राहिलो,
कारण कुणी हात पुढे केलेला तिला खपत नाही.

जंगलाच्या तोंडाशी क्लिफर्ड थांबला,
दरवर्षी थांबतो तसा, ओठांवर बोट ठेवून.
ऐकायला आम्हाला यानेच शिकवलं.
चिफचाफ: समुद्र ओलांडून येतो,
मूठभरही नाही,
दोनच स्वर, शिंप्याच्या कात्रीसारखे,
हिवाळ्याचं जाड कापड
जणू एकदाचं कापायला घेतलंय.

तो ऐकत राहिला.
ओढा वाजत होता. लांब कुठेतरी ट्रॅक्टर.
"नाही आला अजून," म्हणाला. "यंदा उशीर."

आणि पक्षी तर आमच्या डोक्यावरच होता,
अगदी शेंड्याच्या फांदीवर, जीव तोडून.

एल्स्पेथने माझ्याकडे पाहिलं. मी बुटांच्या चिखलाकडे.
विनी, जी आयुष्यात कुणाची भीड ठेवत नाही,
हळूच म्हणाली,
"वारा गार आहे ना रे अजून."
मग तिला कळलं, आणि तेच तिने मोठ्याने म्हटलं.

थर्मास निघाला. अंड्याची सँडविचेस.
चहात कुणाच्या तरी हातमोज्याची लोकर.
आम्ही जरा जास्तच बोललो,
गळक्या छपरांपासून
पाद्रीबाईंच्या नव्या मोटरसायकलपर्यंत.
क्लिफर्ड दुर्बिणीतून वर बघत होता,
बराच वेळ, एकाच जागी.

परतताना, ओढ्यावरच्या फळीवर
तो माझ्या पुढे होता.
मागे न बघता म्हणाला,
"चोच उघडत होती. मिटत होती.
मी मोजलं, चौदा वेळा.
त्या दोघींना सांगू नकोस."

बरं, मी म्हणालो.
फळी ओली होती, मागे वळणं धोक्याचं,
म्हणून पुढे वाकून त्याच्या खांद्यावर
दोनदा बोटाने वाजवलं.