काय की

पुण्याहून डिप्लोमा घेऊन शिरोलीच्या फौंड्रीत लागलो
तेव्हा पहिला राग आला तो या दोन शब्दांचा.
बस कधी येणार? काय की.
लाईट कधी जाणार? काय की.
साहेब आहेत का आत?
दार उघडं, पंखा चालू, चहाच्या कपातून वाफ,
आणि शिपाई म्हणतो, काय की.

माझं काम खात्रीचं होतं.
गार झालेल्या पंपाच्या बॉडीवर हातोडी मारायची,
कान द्यायचा.
घंटेसारखं वाजलं तर पांढरा खडू,
फुटक्या मडक्यासारखं बोललं तर लाल.
मधला खडू कंपनीनं दिलाच नव्हता.

दस्तगीर मोल्डर. भुवया भट्टीनं खाल्लेल्या.
मूठभर रेती घ्यायचे, दाबायचे, मोडायचे,
मोडलेल्या कडेकडे बघत राहायचे.
"हवा दमट हाय आज. पाणी कमी घाला."
पेटी भरायची, ठोकायची,
मग पॅटर्न असा उचलायचा
जसा झोपलेल्या पोराच्या मानेखालून हात काढावा.
आणि शेवटी सायकलची जुनी तार घेऊन
त्या एवढ्या निगुतीनं ठोकलेल्या रेतीला
टोचत बसायचे. भोकं, भोकं, भोकं.

मी विचारलं, कशाला?
"आत काय हाय मला तरी कुठं म्हाईत.
ओल असंल, हवा असंल.
जे म्हाईत न्हाई त्याला वाट ठिवायची, साहेब.
न्हाईतर ते आपली वाट काढतंय
लोखंडातनं."

लोखंड ओतलं.
प्रत्येक भोकाच्या तोंडाशी निळी ज्योत उभी राहिली,
बोटाच्या पेराएवढी.
पीस चांगला येणार ना?
"काय की," म्हणाले,
आणि हात धुवून डबा उघडायला गेले.

मला ती बेफिकिरी वाटली.
चार वर्षं वाटत राहिली.
रिजेक्शनच्या वहीत त्यांच्या नावापुढे
माझं बारीक, तिरकं अक्षर आहे अजून.

गेल्या दिवाळीनंतर उजवा कान जायला लागला.
आधी मोबाईलवरची माणसं पुटपुटू लागली,
मग डाव्या कुशीवर झोपलं
की गल्लीतली कुत्री गप्प.
राजारामपुरीतल्या डॉक्टरबाईंनी काचेच्या खोलीत बसवलं,
कागदावर एक रेघ
पन्हाळ्याचा घाट उतरावा तशी उतरली.
एवढं तरी राहील का?
काहींचं राहतं, म्हणाल्या. काहींचं कमी होत जातं.
आत्ताच सांगता येणार नाही.
सहा महिन्यांनी बघू.

घरी वैजयंता दारातच.
"काय म्हणाल्या?"
"काय की."
तोंडातून गेलं ते गेलंच.
ती बावड्याची. आधी डोळे भरले तिचे,
मग पदर तोंडाला लावून हसत सुटली.
"झालास बाबा कोल्हापूरचा."

रात्री दोघं गंगावेशीत गेलो.
म्हशीखालून थेट पेल्यात धार,
पेला काठोकाठ, मिशीला फेस.
त्यात दूध किती
ते फेस बसल्याशिवाय कळत नाही.
आम्ही थांबलो नाही, प्यायलो.

झोप आली असं नाही.
पहाटे तीनला उठून उजव्या कानाजवळ
चिमटीनं चुटकी वाजवून बघतो मी, अजूनही.
पण मग आठवतं,
दस्तगीरनी रेती कधी न चाळता घेतली नाही,
एक भोक कधी चुकवलं नाही.
जेवढं हातात होतं तेवढं सगळं करून झाल्यावरच
ते दोन शब्द यायचे.
मी फक्त शब्द ऐकले होते,
दोन्ही कान शाबूत असताना.

काल एका पीसवर हातोडी मारली.
घंटा, की मडकं?
नीट लागेना.
दोन्ही खडू खिशात ठेवले,
दस्तगीरना हाक मारली.
ते आले, वाकले.
मी पुन्हा मारली,
आणि आम्ही दोघं
तीन कानांनी
ऐकत उभे राहिलो.