भाग दुसरा

रात्रीचा खेळ सुटला तेव्हा पावणेएक झाला होता.
वडगावला जाणारी रिक्षा एकच, तिच्यात आधीच
सात माणसं आणि एक झोपलेलं पोर.
आम्ही चालत निघालो, खडेबाजारातून शहापूरकडं.
तिकिटं एका रांगेची होती,
सिनेमा मात्र प्रत्येकानं वेगळाच बघितलेला.

भरमा म्हणाला, ड्रॅगन पहिल्या भागात पेटत होता,
आता नुसता बोलालाय.
बोलणारे आमच्या गल्लीत काय कमी आहेत?

रुक्माण्णाची चाळीस वर्षं मागावर गेली.
त्यानं राणीची शाल तेवढी बघितली.
एवढं युद्ध झालं, घोड्यावरून पडली, गडावरून पडली,
एक धागा निसटला नाही.
असलं सूत कुठं मिळतंय ते सांग, म्हणाला,
ड्रॅगनचं ऱ्हाऊ दे.

पानपट्टीवर हंपण्णवर सर भेटले,
कन्नडमधला खेळ बघून आलेले.
तुमच्या हिंदीत राजा हप्ता मागायला आल्यासारखा बोलतो,
आमच्यात राजासारखा.
मराठीत का नाही काढला, कुणीतरी विचारलं.
त्यावर चुना लागेपर्यंत
कुणीच काही बोललं नाही.

मी मागं मागं.
कारण पुस्तक वाचलेला मी एकटाच.
आमच्या वाचनालयात दुसऱ्या कपाटात आहे ते, भाषांतर,
सहाशे बारा पानं, तीनदा पाठ सुटली,
तीनदा मीच बांधलं,
शेवटच्या खेपेला रुक्माण्णाच्या निळ्या चिंधीत.
वर्षभर, लाईट गेली आणि माग थांबले की
मी यांना पुढची गोष्ट सांगायचो.
नावाड्याची.
नदीला अलीकडं एक नाव, पलीकडं दुसरं,
आणि मधोमध आला की तो वल्हं उचलून धरतो,
पाणी ठिबकेपर्यंत थांबतो,
नदीला कुठल्याच नावानं हाक मारत नाही.

सिनेमात राणी अलीकडं उभी होती.
मग पलीकडं.
मध्ये फक्त ढोल वाजला.

तू म्हणालतास नावाडी येतोय म्हणून,
भरमा म्हणाला, दे तिकिटाचे पैसे.
तेव्हा माझंच मला नवल वाटलं,
मी दिग्दर्शकाची बाजू घेऊन भांडायला लागलो:
अडीच तासांत काय काय बसवायचं माणसानं,
पुस्तक वेगळं, पडदा वेगळा, वगैरे,
जे मला स्वतःला एक अक्षर पटत नव्हतं.

कपिलेश्वरच्या पुलावर सुनंदाक्काची पोर,
आईच्या खांद्यावर, झोपली असं आम्ही धरलेलं,
डोळे न उघडता म्हणाली,
राणीचे पाय कोरडे होते.

खालून मालगाडी चालली होती.
डबे संपेपर्यंत आम्ही उभे.
मग मी कठड्याला टेकून परत सुरुवात केली,
त्या ओल्या काठापासून.
भरमा म्हणाला, आटप, सकाळी पाळी आहे,
आणि चप्पल काढून तिच्यावरच बसला.
रुक्माण्णानं मधेच विचारलं, नाव हालत असताना
वल्हं उचलून चालतंय होय?
चालतं, मी म्हणालो. त्याला चालतं.

सकाळी वाचनालय उघडलं, केर काढायच्या आधी
ते पान काढलं.
नावाडी अडीच पानांचा.
वल्हं उचलणं नाही. ठिबकणं नाही.
नदीला एकच नाव, तेही नकाशापुरतं.
‘त्याने त्यांना पलीकडे सोडले आणि तो परतला.’
पुढं लगेच नवं प्रकरण.

मी मागची पानं बघितली, पुढची बघितली,
बांधताना काही माझ्याकडूनच गळलं का, शिवण मोजली.
सगळी पानं होती.

दुपारी रुक्माण्णा आला,
बोटांना सुताची कूस, दारात चप्पल काढून,
आयुष्यात पहिल्यांदा वाचनालयात.
ते पुस्तक दे की, म्हणाला,
नावाड्याचं तेवढं वाचून आणून देतो.

बाइंडिंगला गेलंय, मी म्हणालो.