इतर : एक

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात कपाट उपसताना
हाती लागला सुतळीनं बांधलेला गठ्ठा,
गाठीत कापसाचा एक पुंजका, सव्वीस वर्षांपूर्वीचा.
तेव्हा कॉलेजच्या मागेच जिनिंग होतं,
डिसेंबरात वर्गभर कापूस तरंगायचा,
घसारा शिकवताना मुलांच्या केसांवर बसायचा
आणि मी म्हणायचे, बघा, असाच, हळूहळू.

दोनशे बारा प्रश्नावल्या.
अमळनेर, पारोळा, धरणगाव, चोपडा,
लाल गाडीनं फिरून भरून घेतलेल्या.
एस.वाय.बी.कॉम. नाव लिहू नये.
प्रश्न सातवा :
किरकोळ रोख मोजली, नऊ रुपये कमी आले. काय कराल?
अ. खिशातून भरीन.
ब. चहापाण्यात दाखवीन.
क. उचंत खात्यात टाकीन.
ड. साहेबांना विचारीन.

एकशे चौतीस जणांनी खिशात हात घातला.
मुलं चांगली होती.
तेच तर माझं पाचवं प्रकरण :
लेखापरीक्षणाला पहिला अडथळा चोराचा नसतो,
भल्या माणसाचा असतो.
परीक्षेत तेरीज जुळेना की हीच मुलं
बेरजेच्या पायाशी गुपचूप एक आकडा पेरायची,
आणि आम्ही दोन्ही बाजू सारख्या पाहून
अख्खे गुण द्यायचो.
मग शिकवलं कुणी कुणाला?

त्यावर पीएच.डी. झाली. पुढे तीन निबंध,
त्यातला एक दोनदा परत आला :
नमुना लहान, प्रदेश आडबाजूचा.
मी उत्तर धाडलं,
पैसे इकडेही मोजतात.
तिसऱ्यांदा घेतला त्यांनी. का, ते कळवलं नाही.

तर, गठ्ठ्यात क्रमांक त्रेसष्ट.
चारही चौकोन कोरे.
खाली पेन्सिलीनं, ओळ तिरकी होत गेलेली :
मी परत मोजसू.

शेजारी लाल शाईत माझं अक्षर. इतर : एक.
आणि प्रबंधात, तक्त्याखाली, बारीक टाइपात,
एक अस्पष्ट प्रतिसाद वगळला आहे.

अस्पष्ट.
मी पातोंड्याची.
आई याच बोलीत रागवायची, याच बोलीत जेवायला वाढायची.
मार्गदर्शक सर म्हणाले होते, बोलीतलं उत्तर तक्त्यात बसत नाही.
त्यांच्यावर ढकलता येईल, ते गेले.
गेलेल्याच्या खात्यावर टाकायची ही युक्ती
मी दरवर्षी जुलैत फळ्यावर उघडी करून दाखवते.

आणि जुलैतच सांगते :
फरकाला नऊनं भाग गेला तर घाबरू नका,
चौपन्नचे पंचेचाळीस झाले असतील, आकड्यांनी जागा बदलल्या असतील.
चूक आहे, चोरी नाही.
मागे जा. परत मोजा.
नऊ रुपये मीच घातले होते प्रश्नात,
आणि चार पर्यायांत
परत मोजणं घालायला मीच विसरले.
दोनशे अकरा जणांनी माझी चूक मुकाट्यानं भरून दिली, आपापल्या खिशातून.

पतसंस्थेत काउंटरवर हिलाल बसतो, माझा विद्यार्थी,
स्पंजवर अंगठा ओला करून नोटा दोनदा मोजतो.
तोंडाशी येतं, त्रेसष्ट तू का रे?
विचारत नाही.
दोनदा तर यंत्रही मोजतं.
आणि ती मुलगी असली तर?
चोपड्याच्या बॅचला अकरा मुली होत्या,
त्यातल्या किती जणींच्या हाती पुढे तिजोरीची किल्ली आली,
यावर मी कधी निबंध लिहिला नाही.

काल कपाटाचा ताबा घ्यायला भटू आला, यादी घेऊन.
यादीत गठ्ठे सतरा.
मोजले, सोळा.
सतरावा माझ्या पिशवीत, डब्याखाली,
कळण्याच्या भाकरीची ऊब लागलेला.
भटू भला माणूस. म्हणाला,
मॅडम, सही करा तुम्ही, एक वाळवीला लावून टाकू,
वाळवी कुठं नाही म्हणते.

पेनाचं टोपण काढलं,
जरा वेळ तशीच बसले.
नको भटू, म्हटलं,
माझ्या नावे लिही.