पोचा

तू कॅटलॉग घेऊन आलीस, मृण्मयी,
चहा सांगायच्या आधीच पान उघडलंस.
चोपन्न एलईडींचा पार, रिमोटवर सोळा लाख रंग.
सोळा लाख.
मी मनात माझे मोजले: अंबर, निळा, गुलाबी,
आणि तो एक लाल जिलेटिन,
मधोमध जळून भोक पडलेला.
तोच आम्ही पहाटेला लावायचो.

घे. नको म्हणत नाही.
सातपूरच्या कंपन्यांचे वर्धापनदिन, गंगापूर रोडची लग्नं,
तिथे हजार वॅटचा हॅलोजन कोण टांगणार?
नवरीचा मेकअप वितळतो.
फक्त पैसे मोजण्याआधी दुकानदाराला म्हण,
अगदी मंद कर.
शून्यावरून एकवर कसा येतो ते बघ.
स्वस्तातला दचकून उठतो,
तोंडावर पाणी मारल्यासारखा.
चांगला असतो तो आधी डोळे किलकिले करतो.

आणि पंखा ऐक.
बाई काही न बोलता उभी आहे, नाट्यगृह श्वास धरून,
आणि वर सोळा लाख रंगांना गार करणारा पंखा
घरघरतोय.
गेलं ना सगळं?

स्पीकर घेताना गाणं लावू नको.
गाण्यात सगळेच खानदानी वाटतात.
तुझ्या आईला माइकवर भाजीचा हिशेब सांगायला लाव,
तू मागच्या भिंतीला टेकून उभी राहा.

गुणगुण आली तर मिक्सरला शिव्या देऊ नको.
सिन्नरच्या एका शाळेत मी तीन तास शोधली,
सगळ्या पिना पुन्हा सोल्डर केल्या.
केबल कॅन्टीनच्या फ्रिजला खेटून गेली होती.
आणि हा कोपऱ्यातला स्पीकर,
ओझरला फाटला, शनिवारी रात्री.
द्राक्षाच्या घडाला गुंडाळतात तो कागद
खळीने चिकटवला मी.
चार वर्षं झाली. खर्जात जरा खसखसतो,
मी त्याला खर्ज देत नाही.

वरच्या फळीवर हात घाल. नाही, डावीकडे.
हा स्पॉट स्पर्धेच्या आदल्या दिवशी बारवरून पडला.
काच वाचली. परावर्तक मात्र
मुठीएवढा आत गेला.
मी तो पिशवीत घालून तांबट आळीत नेला.
रंगनाथ तांबट हात लावेना.
ॲल्युमिनियम? हे भांडं नव्हे, डबा आहे.
मग म्हणाला, यात शिजतं काय?
काही नाही, म्हटलं. उजेड.
तेव्हा हसला, आणि लाकडी हातोडी घेतली.
पोचा काढला, पण हात थांबेना त्याचा,
सवयीने मठारत गेला,
हंडा मठारतात तसा, ओळीने, काठापर्यंत.
मी ओरडेपर्यंत झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या अंकात
विझलेल्या चुलीशी बसलेल्या यामिनीवर तो उघडला.
घाटावर कमानीखाली पाणी हलतं,
त्याचं वर दगडावर जे पडतं ना,
ते तिच्या गालावर हलत होतं.
खरं तर ती हलत होती, उजेड नव्हे.
विंगेतून टिपरे दबक्या आवाजात, हे काय लावलंस?
मी म्हणालो, मुद्दाम.

परीक्षकांनी लिहिलं: प्रकाशयोजना आवश्यकतेपेक्षा अधिक कलात्मक.
दोन गुण कापले.
रंगनाथ बघायला आला नाही.
एकदा ठोकलेलं मी परत बघत नाही, म्हणाला.

आपल्याकडे भांडं पोचलं म्हणतात
म्हणजे कामातून गेलं.
हा उजेड पोचला,
अगदी शेवटच्या रांगेपर्यंत.

पार घेतलेस तरी हा घेऊन जा.
भाडं नको. वायर तेवढी नवी टाक,
जुनी उंदरांनी चाखली आहे.
बल्ब उघड्या बोटांनी धरू नको, कागदाने धर,
बोटाचं तेल जिथे लागतं
तिथेच तो फुगतो आणि फुटतो.

चहा घे आता. साय आली बघ.