सातवी फट

होडी बुडाली तेव्हा मी घरात होतो,
बटाटे सोलत.
नोल्बेर्तो कार्कामोची होडी. चाळीस पोती, एक गाभण डुकरीण,
आणि तो स्वतः, रात्रभर रिकाम्या पिंपाला मिठी मारून.
पहाटे शिंपले वेचणाऱ्या बायकांनी ओढून काढला त्याला.
जगला. म्हणून तर पुढचं सगळं बोलता आलं.

चिलोए बेटावर कारणांची टंचाई नाही.
कुणी म्हणालं, लाकूड चढत्या चंद्रात तोडलेलं.
कुणी म्हणालं, मासळी कंपनीची बोट जवळून गेली, तिची लाट.
म्हाताऱ्या ओतिलियानं चेटक्यांची नावंही सांगितली,
नेहमीचीच तीन.
आणि मी म्हणालो
(मला कुणी विचारलंही नव्हतं),
"पोरगं नवीन होतं."

खापर फोडायला डोकं शोधत हिंडावं लागत नाही.
सगळ्यात लहान डोकं समोरच असतं.
लिसांद्रो, सतरा वर्षांचा, माझ्या हाताखालचा.
त्यानं मान खाली घातली.
आठवड्यानं केयोनला गेला, मासे कापायच्या कारखान्यात.

चाळीस वर्षं मी होड्यांच्या फटी बुजवतोय.
आलेर्सेच्या सालीचा काथ्या पिळायचा,
छिन्नीनं फळ्यांमध्ये ठोकायचा, वरून डांबर.
एका फटीत तीन पेड.
बापानं मला शिकवलं, मी पोराला.
त्या संध्याकाळी काथ्या संपत आला होता.
सातव्या फटीत मी एकच पेड भरला,
डांबर जाड ओतलं, रंग दिला. हिरवा, सुरेख.
वरून काय कळतंय.

हात झटकून डांबर जात नाही.
रॉकेलनं जातं, राखेनं घासून जातं,
नखांच्या कडेला मात्र राहतं.
जेवताना दिसतं.

मोठ्या ओहोटीला ती होडी वाळूवर उघडी पडायची.
सगळा गाव बघून आला.
गुडघा दुखतो, मी म्हणालो.
बिचाऱ्या गुडघ्यावरही आळ घातला.

अकराव्या महिन्यात गेलो, एकटाच.
बोटानं मोजत गेलो, एक, दोन, तीन.
सातवीत सुरीचं पातं मुठीपर्यंत गेलं.
एक खेकडा बाहेर आला, मला पाहिलं,
पुन्हा आत गेला. त्याचं घर होतं ते आता.

फोर्तुनातोचं घर बैल जुंपून, ओंडक्यांवरून
टेकडीपलीकडं नेलं, त्या दिवशी
सगळे जेवायला बसले होते. मी उभा राहिलो.
"सातवी फट माझी."
"काय?" कुणीतरी विचारलं, तोंडात घास.
दुसऱ्यांदा म्हणणं जास्त जड गेलं.
ओतिलिया म्हणाली, "चेटक्यांनीच तुझा हात धरला असेल रे."
नाही ओतिलिया. काथ्या कमी होता,
आणि मला घरी जायचं होतं.

नोल्बेर्तोनं चमचा ठेवला,
उठून बैलांकडं गेला.

केयोनला पोरगं फाटकाबाहेर भेटलं, हातमोज्यांसकट.
सांगितलं.
"माहीत होतं," तो म्हणाला. "बॅटरी मीच धरली होती."
मग बोलला का नाहीस?
ओठांपर्यंत आलं माझ्या. पुन्हा त्याच्यावरच.
गिळलं.
तो परत आला नाही. का यावं?

आता नोल्बेर्तोची नवी होडी बांधतोय. मजुरी घेत नाही,
त्यानं देऊही केली नाही.
रोज अंधार पडता पडता तो येतो, न बोलता
एकेका फटीवरून अंगठ्याचं नख फिरवत जातो.
सातवीपाशी जरा जास्त थांबतो.
मी बॅटरी धरतो.