आवृत्ती चौथी

पहिल्या तासाला मी फळ्यावर काहीच लिहिलं नाही.
टेबलावर शिंगाड्यांचं अर्धं पोतं ओतलं
आणि म्हटलं, सोला.

साकोलीच्या अलीकडचं आमचं कॉलेज,
वर्कशॉपला पत्रे, लेथ एकच, तोही रुसलेला.
दहाव्या मिनिटाला खिलेशच्या अंगठ्यातून रक्त आलं.
रोशनी म्हणाली, सर, शिंगं इतकी टोचतात
हे मला आज कळलं.
आणि तिचं घर तर मामा तलावाच्या पाळीवर.

मग त्यांनी यंत्र केलं. पोरं आधी यंत्रच करतात.
दोन रबरी रोलर, अर्ध्या अश्वशक्तीची मोटर,
वर निळा रंग, रंगावर कॉलेजचं नाव
(नाव सगळ्यात आधी रंगवून झालं होतं).
साल निघाली.
गरही निघाला, पार भिंतीपर्यंत.
शिपाई गोपीचंद झाडू घेऊन आला,
झाडून गेला, एक शब्द न बोलता.
तेवढा अभिप्राय पुरला.

दुसरं यंत्र गर राखायचं,
पण शिंगाडे एका मापाचे निवडून द्यावे लागायचे.
निवडणार कोण, मी विचारलं.
"बाया," हिवराज पटकन म्हणाला,
आणि मग त्याचं त्यालाच ऐकू आलं.

मी त्यांना सायत्राबाई मारबतेंकडे धाडलं.
लॅपटॉप नको, प्रश्नावली नको,
तीन दिवस नुसतं तिच्या शेजारी बसायचं.

पहिल्या दिवशी त्यांनी सेकंद मोजले.
एका शिंगाड्याला चार. कधी तीन.
दुसऱ्या दिवशी मोजायचं विसरले,
उकडलेले शिंगाडे खाऊन आले, ओठ काळे करून.
तिसऱ्या दिवशी रोशनीच्या वहीत इतकंच:
सोलणं सोपं आहे. शिंगं मोडताना अंगठा जातो.
बाईंच्या उजव्या अंगठ्याला नख नाही.

तिसरी आवृत्ती अशी:
सागाचा पाट, त्यावर भंगारातल्या सायकलचा दांडा,
टोकाला सरोत्याचं पातं, खाली स्प्रिंग.
तळहातानं दाबलं की खटकन शिंग उडतं.
मोटर नाही. रंगही नाही.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा कपाळावर सरकवला.
यात तंत्रज्ञान कुठे आहे?
सर, काढून टाकलं, खिलेश म्हणाला.
पन्नासपैकी एकतीस.
मी त्यांच्यासाठी चहा मागवला, भांडलो नाही.
ते अजून सलतं.

डिसेंबरात आम्ही परत गेलो.
पाट अंगणातच होता, पण आमचा राहिला नव्हता.
दांड्याला जुन्या लुगड्याची चिंधी,
पाटाखाली एका अंगाला वीट,
आणि स्प्रिंगच्या जागी ट्यूबचा तुकडा, गाठ मारून.
"लय वरडत होती जी ते," सायत्राबाई म्हणाली.

हिवराजनं टेप काढला, मापं घेतली, विटेचंसुद्धा.
वहीत वर लिहिलं: आवृत्ती चौथी.
रचनाकाराच्या रकान्यापाशी पेन्सिल थांबली.
नाव कसं लिहू, सायत्रा की सावित्री?
"कागदावर सावित्री. तलावावर सायत्रा."
त्यानं तलावावरचं लिहिलं.

"केवढ्याले पडते एक?"
नऊशे चाळीस, रोशनी भीत भीत म्हणाली.
बाई हसली नाही, घासाघीसही केली नाही.
टोपल्यातला पुढचा शिंगाडा उचलला,
खटकन.
"माही जाऊ डावखोरी हाये," ती म्हणाली,
"तिच्यासाठी उलटा करा न एक."

परतताना जीपमध्ये कोणी बोललं नाही.
सेंदुरवाफ्याच्या वळणावर मी मागे पाहिलं.
खिलेश डाव्या हातात पेन धरून
वहीच्या शेवटच्या पानावर पाट काढत होता.
रेघ वाकडी येत होती.
येऊ दिली.