अर्थ

अक्कलकोट रोडला ट्रेलर दुपारपासून उभा.
ब्रेक दाबला की डावा दिवा मिणमिणतो,
उजवा गप्प,
चाक धरतच नाही.

बिंगीमामा टेस्ट लॅम्प घेऊन खाली सरपटले.
पंचवीस वर्षं मागावर होते,
तुटलेला धागा अजून बोटांनीच हुडकतात.
लाल ठीक. निळी ठीक.
सात पिनांच्या सॉकेटात हिरवी बुरशी,
ती घासली. तरी नाही.

"करंट जातोय रे," खालून आवाज,
"परतायला वाट नाही.
अर्थच लागंना."

ड्रायव्हर हसला.
मी बिलबुकावरून मान वर केली.

चासीवर नवा रंग, मालकानं हौसेनं मारलेला.
मामांनी तो रुपयाएवढा खरवडला,
उघड्या लोखंडावर काळी तार आवळली.

चाकात मॅग्नेट खट् वाजला.

मजुरी कशाची लिहू, विचारलं.
"लिही," म्हणाले, "रंग काढला."